दोन-तीन खेळाडू घेऊन हे देश स्पर्धेले कायले येतात?

झेडपीवाला_मास्तर (दारव्हा तालुका):
राजेहो एक विचारतो, हसू नका. परवा रात्री लाईन होती म्हणून ऑलिम्पिकच्या जुन्या उद्घाटनाचा व्हिडिओ पाहत बसलो, त्यात नौरू नावाचा देश आला, झेंडेवाला धरून मूठभर माणसं, अन् मागून मोठ्या देशाची रांग सरता सरत नाई. मनात आलं काऊन तर आमची शाळा पटसंख्या 23, पुढच्या हप्त्यात तालुक्याच्या मैदानी स्पर्धा हायेत अन् मी तीन लेकरं घेऊन चाललो. एस.टी. स्टँडवर एक गडी म्हणे मास्तर, तिघाईसाठी कायले तिकीट फाडता. तं या देशाईची निवड कशी होते, पैसा कोण देते, अन् जिंकतात का कधी?

बांधावरचा:
मास्तर, ऑलिम्पिकमध्ये युनिव्हर्सॅलिटी म्हणून सोय असते. ज्या देशाचा कोणीच पात्रता गाठत नाई त्याले धावणं-पोहणं असल्या खेळात एखाद-दुसरी जागा मिळते, म्हणजे झेंडा तरी यावा. अन् टीव्हीच्या हक्काचा जो पैसा येते त्यातला काही ऑलिम्पिक सॉलिडॅरिटी नावाच्या खात्यातून गरीब-लहान देशाईच्या ट्रेनिंगले जाते. फुकटात कोणी येत नाई, पण घरचं सोनंही मोडावं लागत नाई.

जुना_पैलवान:
नौरूचं नाव काढलं म्हणून लिहितो, नाईतर मी नुसतं वाचतो इथं. 21 चौरस किलोमीटरचं बेट हाय ते, माणसं 12 हजाराच्या आसपास, आपल्या दारव्हा शहरात याच्याहून जास्त निघतील. तिथं फॉस्फेट निघे, आपण डीएपी टाकतो ना वावरात, त्यातलंच. दुसऱ्यानं खणून नेलं, मग यायनं सोता खणलं, आता बेटाच्या मधात नुसते दगडाचे सुळके अन् माणसं सारी काठानं राहतात. मैदान कुठून आणतील? वेटलिफ्टिंगले काय लागते, एक खोली अन् एक बार. तेच धरलं त्यायनं.
मार्कस स्टीफन नावाचा गडी 1990 मध्ये ऑकलंडच्या कॉमनवेल्थले गेला, देशाची पहिलीच कॉमनवेल्थ, अन् स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर नेण्यात, सोनं घेऊन आला. तेव्हा स्नॅच, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) अन् दोन्हीची टोटल याचे मेडल वेगळे मिळत. 1994 ले तीन सोनं, 1998 ले तीन सोनं, 2002 ले तीन चांदी, हिशोब तुमीच करा. 1992 ले बार्सिलोनात मात्र गंमत झाली, नौरूची ऑलिम्पिक समितीच नव्हती, तं बिचारा सामोआकडून उचलून आला. मग 1994 मध्ये मान्यता मिळाली अन् 1996 ले अटलांटाले आपल्या झेंड्याखाली गेला. पुढं 2007 मध्ये तोच राष्ट्राध्यक्ष झाला राज्या! आपल्याकडं पैलवान जास्तीत जास्त सरपंच होते.

नुसतं_खरं:
गोष्ट झकास हाय पैलवानभाऊ, पण एका माणसाची हाय. ऑलिम्पिकमध्ये नौरूले आजवर एक मेडल नाई. भूतान 1984 पासून जाऊन राह्यला, एक मेडल नाई. हे जाणं म्हणजे फोटो काढाले जाणं.

बांधावरचा:
मग सॅन मारिनो पाहा भाऊ. 34 हजाराच्या आसपास लोकवस्ती, टोकियोले पाच जण गेले अन् तीन मेडल आणले, दोन नेमबाजीत, एक कुस्तीत. पाच पेरले अन् तीन उगवले, आपलं सोयाबीनही एवढं उगवत नाई यंदा.

भरतीवाली_ताई (नेर):
भूतानचं नाव घेतलं म्हणून बोलते. मी पोलीस भरतीची तयारी करते, आमचं 800 मीटर असते, पहाटे पाचले डांबरी रोडवर पळतो आम्ही तिघी, कुत्रे मागं लागतात ते वेगळं. पॅरिस 2024 ची बायकांची मॅरेथॉन मी मोबाईलवर पाह्यली. भूतानची किन्झांग ल्हामो सगळ्यात शेवटी आली, 3 तास 52 मिनिटं 59 सेकंद. जिंकणारी सिफान हसन 2 तास 22 मिनिटांत केव्हाच मोकळी झाली होती. कितीजणी मधातच सोडून गेल्या, या बाईनं सोडली नाई, शेवटी शेवटी चालत पण होती अन् लोकं बाजूनं टाळ्या वाजवत पळत होते. नुसतं_खरं दादा, तुम्ही 42 किलोमीटर चालून दाखवा, फोटो मी काढते तुमचा.

नुसतं_खरं:
बरं बाप्पा, हरलो.

अमरावतीकडचा:
आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 ले बर्लिन ऑलिम्पिकले गेलती, कबड्डी अन् आपले देशी खेळ दाखवाले. मेडलचा प्रश्नच नव्हता, प्रात्यक्षिक होतं. माह्या आजोबाच्या तोंडी ते बर्लिन असं येत जाय जसं काही बडनेऱ्याच्या पलीकडंच हाय.

झेडपीवाला_मास्तर:
लय आभार सगळ्याईचे. पैलवानभाऊचा किस्सा काल परिपाठात सांगितला तं गोळाफेकवाला पोट्टा म्हणे सर, मी राष्ट्राध्यक्ष होतो पण मले पहिले खिचडी डबल द्या. आता अडचण दुसरीच हाय. लांब उडीवाली पोरगी अनवाणी पळते, तिथं मैदानावर मुरूम टाकला हाय म्हणतात. तीन नंबरचे जुने कॅनव्हास बूट हायेत का कोणाकडं?

भरतीवाली_ताई (नेर):
माह्या लहान बहिणीचे हायेत सर, तीन का चार नंबर ते पाहून सांगते. एक लेस तुटली हाय, तिथं सुतळी बांधली हाय मी. सोमवारी नेर स्टँडवर सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते.