विनिमय कार्यक्रमातून अमेरिकेत गेलेली मुलगी तिथे रुळावी यासाठी आम्ही काय करावे?

शहापूर, बेळगाव येथील पालक:

नमस्कार. माझी मुलगी एसएसएलसी (कर्नाटकातील दहावी) झाल्यावर विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून ऑगस्टअखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेली आहे. एका लहान गावात यजमान कुटुंबाकडे राहून ती तेथील हायस्कुलात शिकते. तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत ती वाढली, त्यामुळे भाषेची अडचण येईल असे आम्हाला वाटले नव्हते. प्रत्यक्षात मात्र ती शाळेतून आल्यावर खोलीत बसते आणि रोज रात्री नऊ वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसातला, फोन करते. तो तासभर चालतो. यजमान मंडळी चांगली आहेत, पण ती शाकाहारी असल्याने जेवणाबाबत संकोच करते. तिच्या आईचे म्हणणे की फोन कमी करू नये. मला नेमके उलट वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निपाणीची माजी विनिमय विद्यार्थिनी:

काका, मीही अशाच कार्यक्रमातून अमेरिकेत राहून आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सीमाभागातील मुलांना दोन भाषांत वावरण्याची सवय असते हे खरे, परंतु आपल्याकडे शाळेत किंवा सरकारी कचेरीत कन्नडमध्ये दिवस काढला तरी संध्याकाळी उंबऱ्याच्या आत मराठीच असते. तिथे घरही परक्या भाषेत चालते आणि विसाव्याची जागा उरतच नाही, म्हणून फोन हेच घर होऊन बसते. तिचे इंग्रजी कच्चे आहे असा अर्थ लगेच काढू नये. दिवसभर भराभर बोललेले ऐकूनच माणूस थकतो.

तिथे रात्रीचे जेवण बहुधा सहाच्या सुमारास उरकते आणि त्यानंतरची संध्याकाळ फार लांब असते. तो वेळ तिने खोलीत न घालवता स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात, गृहपाठ घेऊन का होईना, बसून काढावा. बोलणे आपोआप निघते. जेवणाबद्दल तिने गप्प राहू नये; आपण काय खातो आणि काय खात नाही हे स्पष्ट सांगावे आणि आठवड्यातून एक दिवस स्वतः पोहे किंवा पिठले करण्याची परवानगी मागावी. विनिमय कार्यक्रमाच्या व्हिसावरच्या शालेय विद्यार्थ्यांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना त्याचा मोबदला मिळत नाही. ती माणसे हौसेने मूल घरात घेतात, तेव्हा पाहुण्यासारखे बसून राहणाऱ्या मुलापेक्षा भांडी घासायला उठणारे मूल त्यांना जवळचे वाटते. (घरून कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, पाठवण्याचा मोह मात्र आवरावा, टपालात तो टिकत नाही.)

शाळेबद्दल एकच सांगते. तिथे प्रत्येक तासाला वर्ग बदलतो आणि सोबतची मुलेही बदलतात. आपल्यासारखा एक वर्ग, एक बाक आणि त्यावरची कायमची मैत्रीण असा प्रकार नसतो. मैत्री वर्गात कमी आणि शाळा सुटल्यावरच्या संघांत, वाद्यवृंदात किंवा नाटकात अधिक जुळते. खेळ ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे हिवाळ्याच्या हंगामासाठी तिने आत्ताच नाव द्यावे. मिनेसोटात थंडी शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाते आणि अंधार लवकर पडतो. त्या महिन्यांत संध्याकाळी जाण्याजोगे ठिकाण असणे फार गरजेचे ठरते.

खानापूर येथील एक आई:

माझा मुलगा जर्मनीत होता. फोन एकदम तोडू नये, पण रोजचा फोन रविवारवर आणावा आणि मधल्या दिवसांत दोन ओळींचा निरोप चालवून घ्यावा. मुलीच्या आईला हे जड जाईल, मलाही गेले. एक लक्षात ठेवावे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेआठ होतील. आपल्या कामाची वेळ पाहून आधीच ठरवून घ्या.

चिक्कोडी येथील शिक्षक:

दोन गोष्टी जोडतो. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याशी दरमहा संपर्क ठेवलाच पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. अडचण यजमान घराची असेल तर मुलीने ती स्थानिक समन्वयकाला सांगावी, आपण बेळगावहून यजमानांना परस्पर फोन करू नये. घर बदलून मिळू शकते आणि त्यात कमीपणा नाही. मात्र जेवणाचा संकोच हे घर बदलण्याचे कारण नव्हे. दुसरे म्हणजे तिथले वर्ष साधारण जूनच्या सुरुवातीस संपते, तेव्हा परतल्यावर प्रथम पीयूसीच्या (अकरावीच्या) प्रवेशाचा अर्ज कोणी भरायचा आणि एसएसएलसीची मूळ गुणपत्रिका कोणाकडे आहे हे आत्ताच पाहावे. एक वर्ष मागे पडल्याची चिंता तिच्याशी फोनवर बोलू नये.

शहापूर येथील पालक:

सर्वांचे आभार. उद्या सकाळच्या फोनवर रविवारचे ठरवून घेतो आणि हिवाळी संघासाठी नाव देण्यास सांगतो. निपाणीच्या ताईंना एक विचारतो: बेसन तिथल्या साध्या दुकानात मिळते का, की येथून पाठवावे?

निपाणीची माजी विनिमय विद्यार्थिनी:

लहान गावातल्या दुकानात बहुधा मिळणार नाही, पण मोठ्या शहरातल्या भारतीय किराणा दुकानात नक्की मिळेल. यजमान शहरात जातील तेव्हा तिने सोबत जावे, पाठवू नका.