मावसभावानं स्वतः घडवलेल्या तिरकमठ्यानं हरीण मारलं. मला त्यात पाप दिसत नाही. तुम्हाला?

कळकवाला (वाई)

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस महाभारत चाललंय, म्हणून इथं विचारतो. माझा मावसभाऊ अमेरिकेत मिसुरी राज्यात इंजिनिअर आहे. तीन वर्षं तो हातानं बनवलेल्या धनुष्यानं हरणाची शिकार शिकत होता. ऑक्टोबरच्या शेवटी पहिली मादी मिळाली. त्यानं फोटो टाकला आणि सख्खी मावशी, म्हणजे त्याचीच आई, ग्रुप सोडून गेली.

आधी धनुष्याचं सांगतो, कारण माझा जीव तिथंच अडकलाय. तिकडे ओसेज ऑरेंज नावाचं काटेरी झाड असतं. पूर्वी शेताला कुंपण म्हणून लावायचे, आपण बांधाला घायपात लावायचो तसं. ओंडका पाचर मारून उभा फोडायचा, वर्षभर सावलीत वाळवायचा. मग साल काढायची, खालचं पांढरं लाकूड काढायचं आणि आतल्या पिवळ्या लाकडाचं एकच वर्तुळ धरून दोन मुठींच्या रंध्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलत जायचं. एक वर्तुळ म्हणजे झाडाचं एक वर्ष. हात जरा जड पडला आणि पातं खालच्या वर्षात घुसलं, की धनुष्य कधीतरी नेमकं तिथंच तुटणार. त्याची पहिली दोन तशीच गेली.

बाणाच्या पात्या त्यानं जुन्या करवतीच्या पोलादातून कापून कानशीनं घासल्या. पिसं टर्कीची. स्वतःला नियम घातला की पंधरा पावलांपलीकडे बाण सोडायचा नाही. पहिल्या वर्षी एकही बाण सुटला नाही, नुसता झाडावर बसून थंडी खाल्ली. रीतसर परवाना आहे, हंगाम ठरलेला आहे. त्या मादीचं मांस त्यानं स्वतः सोललं, कापलं, फ्रीझरमध्ये भरलं. हिवाळाभर घरात तेच शिजणार.

आपण रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभे राहतो. टांगलेल्या बोकडाकडे न बघता "मांडीचं द्या, चरबी काढा" म्हणतो. माझ्या मते भाऊ आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. बोला.

सुलभा (सांगली)

मावशींनी ग्रुप सोडला ते बरंच केलं. आमचं घर जैन शेतकऱ्याचं, दिवस मावळायच्या आत जेवणारं, त्यामुळे मी काय बोलणार हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण खाण्यापिण्याचा मुद्दा बाजूला ठेवते. तुम्ही चार परिच्छेद लिहिले. लाकूड, वर्तुळ, करवत, पिसं, थंडी. हरीण कुठाय त्यात? "पहिली मादी मिळाली." मिळाली! भाजीवाल्याकडे मेथी मिळाली तशी.

आणि बोकडाची ढाल करू नका. एका चुकीला दुसऱ्या चुकीचा टेकू दिला म्हणून भिंत सरळ होत नाही.

ताकारीचा ऊसवाला

आवो ताई, हरीण कुठाय इचारताय? माझ्या हरभऱ्यात हाय! या कवाबी बघायला.

सागरेश्वर अभयारण्य आमच्या उशाला. १९८५ ला झालं. धों. म. मोहिते अण्णांनी उजाड डोंगरावर झाडं उभी केली, ह्यात वाद न्हाय, मानूस लय मोठा. जागा म्हंजे दहा-अकरा चौरस किलोमीटर. आत चितळ, सांबर, काळवीट. जाळी घातलीया, पर जाळी फाटती आन रातच्याला कळप खाली येतो. सकाळी रानात जावं तर शेंडा खुडल्यागत सगळं साफ. आपून काय करायचं? पंचनाम्याची वाट बघायची. बॅटरी घिऊन हुश्श हुश्श करायचं. धोंडा मारला तर गुन्हा.

आन तिकडं एक इंजिनेर हौस म्हणून हरीण मारतो, त्याचं कवतिक! त्याच्या हरभऱ्याला कुणी तोंड लावलं व्हतं का? मला त्या गड्याचा राग न्हाय, पर कवतिकबी न्हाय. राखण करणाऱ्याला बंदी आन हौसेला परवाना, हे काय डोस्क्यात बसत न्हाय.

पन्नास मीटर (सातारा)

मी पोरांना धनुर्विद्या शिकवतो. साताऱ्यात आता हे नवल राहिलेलं नाही. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला, आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तेव्हा मला बाणाचं वावडं नाही, शाकाहारीही नाही. तरी विरोध आहे, आणि तो धनुष्याच्या बाजूनंच आहे.

ओढायला पंचेचाळीस पौंडांचा जोर लागणाऱ्या लाकडी धनुष्याचा जड बाण सेकंदाला साधारण ४५ मीटर जातो. आवाज जातो ३४० मीटर. म्हणजे पंधरा मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार आधी पोचतो आणि बाण त्यानंतर पाव सेकंदाहून जास्त वेळानं. तेवढ्यात हरीण उडी मारण्यासाठी पाय दुमडतं आणि अंग खाली घेतं. तुम्ही फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत बसतो. किंवा ते अर्धवट वळतं आणि बाण पोटात जातो. कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं बसवलेलं आधुनिक धनुष्य, त्याचा बाण जवळपास दुप्पट वेगाचा. शिवाय पूर्ण ओढल्यावर त्याचा भार हातावर पावपट किंवा त्याहून कमी राहतो, त्यामुळे थांबून नेम धरता येतो. लाकडी धनुष्य ओढून धरलं की दोन-तीन सेकंदांत हात थरथरायला लागतो.

पोत्यावर मारताना हे सगळं छान आहे. साधन जितकं कच्चं तितका कस जास्त. पण चूक झाली तर ती तुमच्या भावाच्या अंगावर येत नाही, हरणाच्या अंगावर येते. स्वतःला अवघड करून घेतल्याचा मोठेपणा भावाला आणि त्याची किंमत हरणाला.

एकच प्रश्न. तीन वर्षांत हरणावर एकूण बाण किती सोडले आणि हरणं किती सापडली?

रानवाट (पाटण)

सर, नेमकं विचारलंत.

मी वेगळी काळजी सांगतो. धागा वाचून आमच्याकडचं एखादं पोरगं उठेल आणि कळकाचा तिरकमठा घेऊन कोयनेच्या कडेला भेकराच्या मागं लागेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या नुसतं मारणं नाही. पकडणं, फासकी लावणं, हाका घालून पिटाळणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न, सगळं शिकारच. शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीच्या जोडीला धनुष्यबाण, जाळी आणि सापळाही लिहिलाय. परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात नुसतं शिरलं तरी गुन्हा. आत शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद. "काका, मी नेम चुकलो होतो" हे कोर्टात चालत नाही.

कळकवाला (वाई)

एकेकाला उत्तर देतो.

रानवाट, इथं मारा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. मी स्वतः कळकाचं धनुष्य करतो, परसात पाचटाच्या पेंढीवर मारतो, बस्स. तुम्हीच वाचताना भेकरापर्यंत पोचलात.

ऊसवाले दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण तिकडचं गणित उलटं आहे. १९०० च्या सुमारास शिकार करकरून त्यांनी तिथली हरणं पाच लाखांवर आणली होती. आज अंदाज तीन कोटींच्या घरात आहे. बहुतेक भागातून लांडगा आधीच संपवलेला, त्यामुळे हरणांना आवर घालणारं कुणी नाही. पिकं खातात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात. म्हणून सरकारच हंगाम ठरवतं. १९३७ च्या कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या आणि पुढे धनुष्यबाणांवरच्याही कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. म्हणजे शिकारी तिथं जंगलाच्या खर्चात वाटा उचलतो. आपल्याकडे एवढ्याशा अभयारण्यात कोंडलेली हरणं. दोन्हींना एक माप लावून कसं चालेल?

सर, तुमचा प्रश्न भावाला पाठवलाय. तिकडे आत्ता रात्र आहे.

सुलभा (सांगली)

लांडगे माणसानं संपवले, मग हरणं वाढली, मग त्यांना आवरायला माणूसच. बरं जमवलंय. आणि संख्या आवरायचीच असेल तर करवतीचं पोलाद घासत तीन वर्षं कशाला घालवायची? ते काम बंदूकवाला एका सकाळी करतो. म्हणजे भाऊ संख्या आवरायला गेलेला नाही. स्वतःसाठी गेलाय. तेवढं कबूल करा, मग पुढचं बोलू.

तिसरी घंटा (विटा)

मास्तरकीत जन्म गेला, म्हणून थोडं विषय सोडून. शाळेच्या वाटेवर पारधी कुटुंबांची चार पालं असायची. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याकडे घोड्याच्या शेपटीच्या केसांची फासकी होती. एवढी बारीक, की उन्हात धरली तरच दिसायची. तितर कुठल्या सरीतून येणार हे तो आदल्या संध्याकाळी सांगायचा. या लोकांना इंग्रजांनी कायदा करून जन्मानं गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. गावच्या नजरेतून पुसला गेला असं मी म्हणणार नाही. कुठं कोंबडी गेली तरी पोलीस आधी पालावर.

त्या म्हाताऱ्याच्या कसबाला "प्रामाणिक" म्हणणारं मला कुणी भेटलं नाही. आता तेच कसब डॉलर कमावून छंद म्हणून केलं की त्यात गहन काहीतरी दिसायला लागतं. शिकार बंद झाली ते योग्यच झालं असं मी मानतो. पण कौतुक वाटताना जरा इकडे तिकडे बघा, इतकंच.

ताकारीचा ऊसवाला

गुर्जी, एक लंबर.

कळकवाला (वाई)

गुरुजी, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही पालं होती आणि मी लहानपणी तिकडे जायला घाबरायचो.

भावाचा फोन झाला. सर, तुमचा हिशोब: तीन वर्षांत हरणांवर सुटलेले बाण तीन. हरीण सापडलं एक.

दुसऱ्या वर्षी पहिला बाण सुटला तो पोटाखालून गेला आणि मातीत रुतला, हरणाला काही झालं नाही. त्याच हंगामात दुसरा सुटला. हरीण बारा पावलांवर होतं, अगदी सर म्हणाले तसंच दबलं आणि वळलं. बाण आरपार जाऊन पलीकडे पडलेला मिळाला. त्यानं तो उचलून पिसांवरून बोट फिरवलं. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासानं माग काढायचा. गडद असेल तर काळीज, म्हणजे यकृत, जास्त थांबायचं. याच्या बोटाला हिरवट चिकट लागलं, आणि वास. म्हणजे पोट. अशा वेळी आठ-दहा तास हरणाच्या मागं जायचंच नाही, ते घाबरून आणखी लांब पळतं. हा रात्रभर गाडीत बसला. पहाटे पाऊस आला आणि माग धुऊन गेला. दोन दिवस ओढे आणि काटवन धुंडाळलं. नाही सापडलं.

हे त्यानं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मी पहिल्या पोस्टमध्ये लपवलं नाही, मला माहीतच नव्हतं. पण सुलभाताई, "हरीण कुठाय" याचं उत्तर हे असेल असं वाटलं नव्हतं.

पन्नास मीटर (सातारा)

खरं सांगितलं याबद्दल त्याला माझा नमस्कार कळवा. बरेच जण "चुकला बाण" एवढ्यावर भागवतात.

माझं मत तेच. तीनात एक चुकला, एक वाया, एक लागला. माझ्या मैदानावर हा हिशोब घेऊन येणाऱ्याला मी पोत्यासमोरून हलू देणार नाही.

सुलभा (सांगली)

त्यानंतरही तो तिसऱ्या वर्षी गेला, हे मला कळत नाही. रात्रभर गाडीत बसला म्हणता. मग वाईट वाटलंच ना त्याला? वाईट वाटूनही माणूस परत जातो?

कळकवाला (वाई)

मीही हेच विचारलं. म्हणाला, कित्येक महिने धनुष्याला हात लावला नाही. मग नवं केलं, आधीचं दोरी सोडताना फार वाजायचं म्हणून. दोरीवर टोकांपाशी लोकरीचे गोंडे बांधले, आवाज दबतो. आणि हरीण मान वर करून बघत असेल तर सोडायचाच नाही, खाली चरत असेल तरच, हा नियम वाढवला. त्या हंगामात सात वेळा दोरी ओढून परत सैल केली. आठव्यांदा सोडला. ती मादी चाळीस पावलं गेली आणि पडली.

पटेल का तुम्हाला? नसेलच पटत. मला परवापर्यंत जेवढं पटत होतं तेवढं आज पटत नाहीये, पण त्याला वाईट ठरवायलाही जीभ रेटत नाही. मटणाच्या रांगेचा मुद्दा मात्र मी मागं घेत नाही. परवाच्या रविवारी पुन्हा उभा होतो, त्या टांगलेल्या बोकडाकडे जरा जास्त वेळ बघितलं, दुकानदार म्हणाला, "काय झालं, ताजंच हाय."

रानवाट (पाटण)

एक राहिलं. तुमच्या परसातल्या बाणांना टोकं कसली आहेत?

कळकवाला (वाई)

पत्र्याची होती. गल्लीतली दोन पोरं रोज बघायला येतात, परवा एकानं विचारलं, "काका, ह्यानं मोर पडंल का?" त्याच संध्याकाळी सगळी काढली. आता निरगुडीच्या काठीला पुढं नुसती सुतळी गुंडाळून डिंक लावलाय.

ताकारीचा ऊसवाला

सुतळीचा बाण हरणाला लागला तर पळंल तरी का? आसंल तर धा-वीस करून द्या. पैसं देतो.

रानवाट (पाटण)

दादा, व्याख्या वर लिहिली आहे.

ताकारीचा ऊसवाला

वाचली, वाचली. मस्करी केली मर्दा.

पन्नास मीटर (सातारा)

कळकवाले, तुमच्या धनुष्याचा फोटो टाका एकदा. कळक कुठला, मानवेल की मेस? आणि हिरवी पाठ तासली नाहीत ना? सगळी ताकद त्या बाहेरच्या तंतूंत असते, तासायचं ते आतून.

कळकवाला (वाई)

मानवेल, भरीव, अमावस्येला तोडलेला. पाठ तशीच ठेवलीय. दोरी घायपाताच्या वाखाची. पहिलं धनुष्य पूर्ण ओढल्यावर कानाशी फुटलं होतं, हनुवटीला तीन टाके. फोटो टाकलाय, बघा.

पन्नास मीटर (सातारा)

वरचा बाहू ताठ आहे, मुठीपासून चौथ्या गाठीपर्यंत वाकतच नाही. खालच्यावर सगळा भार पडतोय. आणखी ओढू नका, तिथंच फुटेल. काचेच्या तुकड्यानं वरच्याची आतली बाजू हलके हलके खरवडा, पाच-सहा फरकाटे झाले की ओढून बघा, मग पुढचे. आणि एखाद्या रविवारी मैदानावर घेऊन या. मटणाची रांग सकाळी लवकर उरका.