अनुभव धागा: नवगावचं कब्रस्तान आणि आपले इस्रायली शेजारी

वालपापडी:
काल वाल सोलताना शेजारच्या आजी आठवल्या, बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांचा बिरड्याचा सण असायचा, डबा आमच्याकडे यायचाच. एकदा त्यांनी मला नवगावला नेलं, किहीमजवळ. त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथे पुरलं, ही त्यांची पिढीजात कथा. मी काहीतरी भव्य बघायला गेलेले. रान माजलेलं, दोन उंचवटे. एक पुरुषांचा, एक बायकांचा. आजींनी पदर डोक्यावर घेतला. मी घाणेरीची फुलं तोडून आणली तर म्हणाल्या, "फुलं नको गं, खडा ठेव." तुमच्या आठवणी लिहा.

कुलाबकर:
शनवार तेली म्हणायचे त्यांना!! शनिवारी सब्बाथ, सुट्टीचा वार, घाणा बंद म्हणून. आमच्याकडचा घाणा गेला, बैल गेला, आजी मरेपर्यंत "तेल्याकडनं आण" म्हणायची. किराणावाला मारवाडी होता.

उनाड_पोर:
आमच्या गावच्या थडग्यांवर वर हिब्रू, खाली मराठी. बॉल तिकडे गेला की आणायला जाणारा दगड वाचत बसायचा. रोहेकर, पेणकर, किहिमकर, नवगावकर. भूगोल तिथेच शिकलो. परीक्षेत उपयोग शून्य.

अश्दोदची_माई:
इथून, इस्रायलमधून वाचतेय. बाबा लहान असताना आले. बेने इस्रायली पुरते ज्यू आहेत की नाहीत यावर इथे वाद झाला, 1964 साली संसदेने आहेत म्हणून सांगितलं. आजोबा म्हणायचे, "नवगावला जाऊन विचारायचं होतं ना." अजून भांडते मराठीतच. मोबाईलवर टायपतेय, चुका माफ.

कुलाबकर:
माई, भांडायला मराठीच बरी 😄

घाईत_आहे:
अलिबागला इस्रायल आळीत जाऊन आले, 1848 चं मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघितलं. नवगाव राहिलं. या पावसात मांडव्याला लाँच असते का?

उनाड_पोर:
लाँच बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट बघ, पण समुद्र खवळलेला असला की तीही रद्द.

वालपापडी:
माई, आजी नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, हलवा द्यायच्या, गुलाबी, नारळाच्या दुधाचा. येतो का तुम्हाला?

अश्दोदची_माई:
चिकाचा हलवा! आई गहू भिजवून चीक काढायची. मी चायनाग्रास घालते, आईला सांगू नका. कुकर लागलाय, संध्याकाळी लिहिते.