रोज चालतो, तरी पोट आणि साखर तिथेच. रात्रीचा भात बंद करू का?

नौपाडा_पश्चिम:
वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ७८ किलो, कंबर ९७ सेंमी. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०९ आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ५.९ आली. औषध काही चालू नाही. डॉक्टर म्हणाले, खाणं सांभाळा, व्यायाम करा, तीन महिन्यांनी परत तपासू.

सकाळी कचराळी तलावावर अर्धा तास चालतो. मग चहा-बिस्किटं, पोहे किंवा उपमा. पावणेआठला निघून ठाण्याहून ऐरोली. डब्यात तीन पोळ्या आणि भाजी. पाचला ऑफिसखाली चहा आणि वडापाव. आठला घरी, थोडं फरसाण, साडेनऊ-दहाला तीन पोळ्या, भाजी, वरण-भात. दिवसात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. वजन हलत नाही. भात सोडू की जिम लावू?

ताक_कोशिंबीर:
नुसता भात सोडून फारसं हाती लागणार नाही. तुमच्या दिवसभराच्या ताटात प्रथिनं कमी पडतात. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण ६५ ग्रॅम हवीत. शिवाय दिवसाचं सगळ्यात मोठं जेवण रात्री साडेनऊ-दहाला होतंय. त्या वेळी शरीर साखर दिवसाइतकी चांगली हाताळत नाही, आणि जेवून लगेच आडवं झाल्यावर स्नायूही ती वापरत नाहीत.

सुरुवात पाच वाजल्यापासून करा. रात्रीचं सगळं बिघडतं ते इथेच. वडापावाने पोट भरल्यासारखं वाटतं, पण आठला घरी शिरताना पुन्हा कडकडून भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. त्याऐवजी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले चणे आणि एक पेरू न्या. चण्यांतून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि चावायला वेळ लागतो. घरी आल्यावर हातपाय धुऊन सव्वाआठला थेट जेवायला बसा. घरातल्या बाकीच्यांचं जेवण दहाला असलं तरी तुमचं ताट आधी वाढून घ्या.

त्या ताटात एक मोठी वाटी घट्ट वरण किंवा उसळ, सोबत ५० ग्रॅम पनीर नाहीतर बांगड्याचे दोन तुकडे, भरपूर भाजी, कोशिंबीर आणि एक भाकरी किंवा एक छोटी वाटी भात. भाकरी आणि भात दोन्ही नको. पोळीऐवजी भाकरी घेतली म्हणजे पीठ कमी झालं, असं पुष्कळांना वाटतं. जाड भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागतं, फुलक्याला २५-३०. एक भाकरी म्हणजे दोन फुलके, असा हिशेब ठेवा.

सकाळी पोहे चालतील, पण पोहे निम्मे आणि त्यात मोड आलेली मटकी वाटीभर. किंवा मुगाची दोन धिरडी, किंवा दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि एक फुलका. डब्यात दोन पोळ्या, उसळ आणि वेगळ्या डबीत दही. मटकी आठ तास भिजवून, निथळून, फडक्यात बांधली की १०-१२ तासांत मोड येतात. आपल्याकडच्या दमट हवेत ती चिकट होऊन आंबते. म्हणून मध्ये एकदा स्वच्छ पाण्यातून काढा आणि मोड अर्धा सेंटिमीटर झाले की लगेच फ्रिजमध्ये टाका.

चार चहांतून रोज आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर जाते. एनआयएनची २०२४ची मर्यादा २०-२५ ग्रॅम आहे आणि तीही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. टपरीवरचा चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो, त्यामुळे तिथे फिका मागा किंवा तो कप सोडा.

उपवन_चढण:
व्यायामाचं मी लिहितो.

अर्धा तास साध्या चालीने चाललात तर तुमच्या वजनाला १३० कॅलरींच्या आसपास खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. म्हणून चालूनही काटा हलत नाही. तरीही चालणं सोडू नका, फक्त वेग वाढवा. दहा सेकंदांत सतरा पावलं पडली म्हणजे मिनिटाला शंभर झाली. या वेगात बोलता येतं, गाता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते ती याच वेगाची. तलावपाळीला संध्याकाळच्या गर्दीत हा वेग धरता येत नाही, सकाळचा कचराळीचा ट्रॅक चांगला.

यातली पंधरा मिनिटं रात्री जेवणानंतर टाका. जेवणाची साखर रक्तात चढत असतानाच पायांचे स्नायू ती ओढून घेतात.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर ठेवून, ताकदीचा व्यायाम हवाच. जिमची आत्ता गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. ओट्याच्या कडेवर हात टेकून दहा पुशअप. कापडी पिशवीत पाच किलोचं पीठ ठेवा, कमरेतून वाका, पाठ सरळ ठेवा आणि पिशवी बरगडीपर्यंत ओढा, दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा. शेवटी पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कंबर वर उचला, बारा वेळा. हे चक्र तीनदा, मध्ये मिनिटभर थांबत. २५ मिनिटांत होतं.

चुका होतात त्या वेगाच्या आणि श्वासाच्या. खाली जाताना तीन सेकंद लावा. वर येताना श्वास सोडा, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो. प्रत्येक चक्र बारा-बारा झालं आणि तरी दम उरला, तर पिशवीत किलोभर वाढवा. तेच वजन वर्षभर उचलत राहिलात तर स्नायू वाढायचे थांबतात. दोन दिवस अंग दुखेल, ते ठीक. सांध्यात कळ आली तर थांबा. छातीत दडपण किंवा वेगळाच दम लागला तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर.

नौपाडा_पश्चिम:
दोघांचे आभार. जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, उठाबशा चालतील? आणि पावसाळ्यात चालण्याचं काय?

उपवन_चढण:
दुखत नसेल, नुसता आवाज असेल तर चालतील. खुर्चीवर पाट किंवा घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. उठताना गुडघे आत वळू देऊ नका, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. महिनाभराने उशी काढा.

पावसात इमारतीचा जिना वापरा, पण चढायला. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, म्हणून लिफ्टने खाली या. पाच मजले, तीन-चार फेऱ्या पुरतात. ओल्या जिन्यावर रबरी तळ गुळगुळीत झालेल्या चपला घालू नका.

पारसिक_वारा:
तेल कोणी मोजलं नाही, म्हणून लिहिते. माणशी रोज चार छोटे चमचे, २० मिली धरा. चौघांना महिन्याला २.४ लिटर. एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या कॅनमध्ये काढा. ते वीस तारखेला संपलं तर कुठे जातंय ते आपोआप दिसेल, बहुतेक वेळा फोडणी आणि पोळीवर. पळीने ओतू नका, चमच्याने घाला.

दिघा_गाव:
रबाळ्याला रात्रपाळी असेल तर हे कसं बसवायचं?

ताक_कोशिंबीर:
मोठं जेवण कामावर निघण्याआधी, सात-साडेसातला. रात्री बारा ते पाच शक्यतो ताक, चणे, उकडलेलं अंडं एवढंच. सकाळी घरी आल्यावर धिरड्यासारखं हलकं खाऊन झोपा. रात्री दोन नंतर चहा नको, दिवसाची झोप जाते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर जेवण कमी झालं की साखर एकदम खाली येते.

खारघर_टेकडी:
नौपाडा_पश्चिम, फक्त काट्याकडे पाहू नका. भारतीय पुरुषासाठी कंबर ९० सेंमीच्या आत हवी. सकाळी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा. बेंबीवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून मोजू नका. चेन्नईच्या डॉक्टरांच्या गटाचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात साखर सीमेवर असलेल्या लोकांचं खाणं-व्यायाम सुधारल्यावर, वजन फारसं न घटताही, मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं होतं.

एचबीएवनसी महिन्याभरात परत करून पैसे घालवू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेव्हा तीन महिन्यांशिवाय खरा फरक दिसत नाही. सोबत हिमोग्लोबिनही बघून घ्या. लोह कमी असेल किंवा थॅलेसेमिया मायनर (रक्तातला सौम्य आनुवंशिक दोष) असेल तर हा आकडा फसवतो, मग उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी, अशी साखर तपासावी लागते.