झोन बदलाची नोटीस गावात वेळेवर पोचवायची कशी?

व्हाळाकडचा (दिचोली)

आमच्या वाड्याखालचं शेत 'सेटलमेंट', म्हणजे बांधकामाचा झोन, करायचा प्रस्ताव राजपत्रात आला. गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली हरकती घ्यायला ३० दिवस. मला कळलं तेव्हा २६ उलटले होते, तेही पणजीला कामाला जाणाऱ्या भाच्यामुळे. नोटीस इंग्रजीत: गाव, सर्व्हे नंबर, चौरस मीटर. आम्ही त्याला 'व्हाळाकडचं शेत' म्हणतो. सर्व्हे नंबर सांगितला तेव्हा ज्यांनी तिथं जन्मभर लावणी केली त्या काकींनाही ओळख पटेना. नाव घेतलं, तशा त्या कोयती ठेवून सही करायला उठल्या.

२००७ साली गोवा बचाव अभियानाच्या रेट्यानं 'प्रादेशिक आराखडा २०११', म्हणजे कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा राज्याचा नकाशा, रद्द झाला. तेव्हा सगळ्या गोव्यासमोर एकच नकाशा होता. आता तो एकेका सर्व्हे नंबरानं बदलतो, आणि गाव एकटं पडतं. राज्यभर मिळून काय उभारता येईल?

सत्तरीची ताई

भाऊ, शेळ-मेळावलीत आम्ही बायका वाटेवर बसलो आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं आयआयटीसाठी ठरवलेली आमच्या गावची जागा सोडली. आमची रानं आम्हाला पाठ, पण कागद वाचून सांगणारं माणूस बाहेरूनच यावं लागलं. ते आधी आलं असतं तर पोलिसांसमोर उभं राहायची वेळ आली नसती, असं मला अजून वाटतं.

फोंडेकर

राजपत्र दर गुरुवारी निघतं, शिवाय विशेष अंक केव्हाही. तालुके १२. तालुक्याला एक वाचणारा ठेवा. त्यानं सर्व्हे नंबर नकाशावर बघायचा, गावातल्या माणसाला फोन करून शेताचं नाव विचारायचं आणि त्या नावानिशी मराठीत, कोकणीत निरोप फिरवायचा. हरकतीचा मसुदा वकिलांकडून एकदाच करून घ्या.

मी केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरुद्ध उभा होतो. १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आमच्यातला निलेश नाईक गेला. कंपनी आली नाही, पठार राहिलं. पण दर वेळी एवढी किंमत गावानं का मोजावी? पहिल्या ३० दिवसांतच अडवूया.

व्हाळाकडचा (दिचोली)

काका, दिचोली मी घेतो. आमची हरकत २९व्या दिवशी दिली, पोच मिळाली. निकाल अजून नाही. तोच मसुदा वकिलांना दाखवतो. ताई, सत्तरीत गुरुवारी कोण बसेल?