पेट्रोलवर गाडी गरम झाल्यावर बंद पडते: पंप बदलावा की वायरिंग तपासावी?

प्रश्न

माझ्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेले आहे. सीएनजीवर गाडी कितीही वेळ व्यवस्थित चालते. पेट्रोलवर मात्र अर्धा-पाऊण तास चालवल्यानंतर तिचा पिकअप कमी होतो, ती धक्के देऊ लागते आणि बंद पडते. त्या वेळी चावी ऑन केली, तर मागच्या सीटखालून येणारा टाकीतल्या इंधन पंपाचा नेहमीचा आवाज अगदी क्षीण येतो. थोडा वेळ थांबल्यास गाडी पुन्हा सुरू होते. फ्यूज शाबूत आहे आणि पंपाचा रिलेही (विजेवर चालणारा स्विच) बदलून पाहिला आहे. इलेक्ट्रिशियनने टाकीवरचा कपलर (पंपाच्या तारांचा प्लग) काढून मल्टिमीटरने मोजले, तेव्हा १२.३ व्होल्ट मिळाले. त्यामुळे पुरवठा ठीक असून पंपच खराब झाला आहे, असे त्यांचे मत पडले. टाकीतली पूर्ण असेंब्ली बदलण्याचा खर्च मोठा आहे. त्याआधी कोणती तपासणी करून घ्यावी?

उत्तर १

कृपया इतक्यात पंप बदलू नका. ज्या मोजणीवरून हा निष्कर्ष काढला आहे, ती मोजणी पुरवठा ठीक असल्याचे सिद्ध करत नाही. कपलर काढल्यावर त्या तारेतून पंपाचा प्रवाह वाहतच नाही आणि मल्टिमीटर स्वतः नगण्य प्रवाह ओढतो. त्यामुळे तारेचा एखादाच धागा शिल्लक असला किंवा टर्मिनलवर गंज चढलेला असला, तरी मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसते. पंप चालू असताना साधारण ४ ते ७ अँपिअर प्रवाह लागतो. वाटेत एखाद्या जोडात १ ओहमचा जरी रोध असेल, तरी तेवढ्या प्रवाहाला तिथेच ४ ते ७ व्होल्ट खर्ची पडतात आणि पंपाच्या वाट्याला उरलेले अपुरे व्होल्टेज येते. आपण वर्णन केलेला क्षीण आवाज याच्याशी जुळतो.

म्हणून मोजणी कपलर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना आणि मुख्य म्हणजे बिघाड प्रत्यक्ष हजर असताना करायला हवी. गाडी थंड झाल्यावर घेतलेल्या आकड्यांचा या तक्रारीत उपयोग नाही. केवळ चावी ऑन केल्यास ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) पंपाला दोन-तीन सेकंदच पुरवठा देतो, त्यामुळे रिले काढून त्याच्या सॉकेटमधील ३० आणि ८७ क्रमांकाच्या जागा फ्यूज असलेल्या जाड वायरने जोडाव्यात, म्हणजे इंजिन बंद असतानाही पंप सलग चालेल. या क्रमांकांची खात्री गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून आधी करून घ्यावी.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पंपाच्या अर्थ (निगेटिव्ह) तारेवर कपलरच्या मागून लावावी. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा फारसे जास्त दिसता कामा नये. त्यानंतर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपाच्या पॉझिटिव्ह तारेपर्यंत तसेच मोजावे. तिथला फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष पंपात नसून वाटेत आहे. तो नेमका कोठे आहे हे फ्यूज, रिलेचा सॉकेट आणि पुढचे जोड असे टप्प्याटप्प्याने मोजत गेल्यास सापडतेच. उलट, दोन्ही बाजू निर्दोष असून पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत असतानाही तो मंद फिरत असेल, तर पंपाला दोष द्यायला हरकत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. टाकीचे झाकण किंवा पेट्रोलची नळी उघडी असताना, अथवा पेट्रोलचा वास येत असताना, यातले काहीही करू नये. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

उत्तर २

वरील पद्धतीशी मी पूर्णपणे सहमत आहे. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत पहिला संशय बहुधा इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरवर जातो, कारण त्याचा सिग्नल तुटला की ईसीयू पंपाचा रिलेही बंद करतो. परंतु आपली गाडी सीएनजीवर न थांबता चालते, म्हणजे सेन्सर आणि स्पार्कची व्यवस्था ठीक असावी. आपण आणखी एक ठिकाण अवश्य पाहा. अनेक फिटर किट बसवताना पंपाची तार मध्येच कापून तिथे वेगळा कट-ऑफ रिले जोडतात, जेणेकरून सीएनजीवर चालताना पंप बंद राहावा. पेट्रोलवर चालताना पंपाचा सगळा प्रवाह त्या रिलेमधून आणि त्याच्या जोडांतून जातो, आणि कंपनीच्या वायरिंग डायग्राममध्ये तो रिले नसतो.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. गाडी बंद पडल्यावर इलेक्ट्रिशियनला जागेवर बोलावून सर्व मोजण्या करून घेतल्या. बॅटरीवर १२.३ व्होल्ट असताना चालू पंपावर फक्त ७.१ व्होल्ट मिळत होते. अर्थच्या बाजूला ०.१, फ्यूज आणि मूळ रिलेचा सॉकेट मिळून ०.३, आणि उरलेले ४.८ व्होल्ट सॉकेटपासून टाकीपर्यंतच्या तारेत खर्च होत होते. ती तार तपासत गेल्यावर डॅशबोर्डखाली किटचा रिले सापडला. त्याच्याकडे जाणारा जोड तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला होता. हाताला चटका बसेल इतका तो तापला होता आणि आतले तांबे काळे पडले होते. आता तेवढाच जोड नव्याने करावा की रिलेही बदलावा?

उत्तर १

दोन्ही करा. प्रवाह ४ अँपिअर धरला, तरी त्या जोडात सुमारे १९ वॅट उष्णता निर्माण होत होती. तापल्यावर जोडाचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो, आणि गाडी थांबल्यावर निवतो. आपल्या गाडीचे वेळापत्रक त्यामुळेच तसे होते. ही उष्णता तारेवाटे रिलेच्या टर्मिनलपर्यंत पोहोचलेली असणार, म्हणून तो रिले सॉकेटसह बदलणेच योग्य. काळी पडलेली तार चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी, मूळ तारेच्याच जाडीची नवी तार जोडावी, जोड क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून) त्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवावी आणि तो हलणार नाही अशा रीतीने बांधून ठेवावा. किटचे सर्व जोड त्याच फिटरने त्याच पद्धतीने केलेले असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा इंजेक्टरच्या तारांवरचे जोडही याच वेळी उघडून पाहावेत.

काम झाल्यावर गाडी पेट्रोलवर तासभर चालवून, गरम असतानाच, पुन्हा तीच मोजणी घ्यावी आणि क्लॅम्प मीटरने (तारेभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) पंपाचा प्रवाहही पाहून ठेवावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोल तळाशी जाऊ देण्याची सवय असते. पंपाला थंड ठेवणारे तेच पेट्रोल असल्यामुळे टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये.