आया की नर्स? 'सरळ नर्सच ठेवा' या सल्ल्याला उत्तर

ठाण्याची लेक: 'झोपून असलेलं म्हातारं माणूस आयाच्या हाती देणं म्हणजे जिवाशी खेळ, सरळ नर्सच ठेवा.' कालच्या पोस्टमधलं हे वाचून राहवलं नाही. आधी काम काय आहे ते बघा ना! नाकातून नळी, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र), शिरेतून औषधं असतील तर एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेलीच हवी, तीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघून. पण माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूनंतर लागत होतं काय? ओल्या फडक्याने अंग पुसणं, डायपर, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. ब्युरोने (घरी आया-नर्स पुरवणाऱ्या एजन्सीने) पाठवलेली सिस्टर म्हणाली, 'हे आयाचं काम.' तिचं बरोबरच होतं. पुढे आलेल्या मावशींनी पाठीला एक जखम होऊ दिली नाही.

कोथरूडचे नाना: पोस्ट माझीच. तुमचं नशीब चांगलं. आमच्याकडे आयाने वडिलांना आडवं ठेवूनच पेज भरवली. ठसका, न्यूमोनिया, आयसीयू. शिकलेली असती तर आधी बसतं केलं असतं.

नागपूरकर: दोघंही मुळावर बोलत नाही. ब्युरो! कालची आया आज पांढरा कोट घालून 'सिस्टर'. पैसे नर्सचे घेतात, त्या बाईच्या हाती किती पडतात ते विचारा कधी.

रात्रपाळीवाली: मी विचारायची वाट बघत नाही, सांगते. कमिशन कापतातच. पण 'चोवीस तासांची बाई' मागणारे तुम्हीच ना? आजोबा रात्रभर हाका मारतात, सकाळी वहिनी भाजी निवडायला बसवतात. मी झोपू कधी?

कोथरूडचे नाना: दुपारी मोबाइलवर मालिका बघायला मात्र वेळ असतो!

रात्रपाळीवाली: नाना, तुम्ही एक रात्र जागून दाखवा. झोप न झालेल्या बाईच्या हातून घास चुकतो, मग ती शिकलेली असो नाहीतर नसो. तुमच्याकडची कितव्या तासाला भरवत होती?

नागपूरकर: बारा-बारा तासांच्या दोन बायका ठेवा. परवडत नसेल तर रात्री घरच्यांनी उठावं.

कोथरूडचे नाना: आमच्याकडे चोवीस तासांचीच होती. रात्रीला दुसरी हवी होती, एवढं मान्य. पण भरवायचं कसं हे न शिकलेल्या बाईला मी घास भरवू देणार नाही.

ठाण्याची लेक: मग डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरांसमोर तिच्याकडून एकदा भरवून घ्या. आम्ही तेच केलं होतं.